911 च्या टेबलावर ईस्टरचा ससा: गंमत की आचरटपणा?

चटणीवाली_टेक्सास: माझी धाकटी जाऊ इथल्या काउंटीत 911 चे (अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर) कॉल घेते, बारा बारा तासांची शिफ्ट, आणि 5 एप्रिलला ईस्टरच्या रविवारी पण ड्युटीच. मूळची वसईची, त्यामुळे ईस्टर तिचा घरचा सण, म्हणून टेबलावर ठेवायला गमतीची टोपली भरतेय. हेडसेट घातलेला कापडी ससा (हेडसेट मी स्वतः तारेचा केलाय, हसू नका), ताण आला की दाबायचं स्पंजचं अंडं, त्यावर लिहिलंय 'सॉरी, खिशातून लागला', आणि एक चूं चूं करणारं पिल्लू. नवरा म्हणतो आचरटपणा आहे. तुम्ही सांगा.

खडूस_काका: नवऱ्याशी सहमत. पलीकडे कुणाच्या तरी आईचा श्वास थांबलाय आणि अलीकडे ससा?? आणि हे असले चाळेच नडतात हो, अमेरिकन सरकारच्या 2018 च्या नोकऱ्यांच्या वर्गीकरणात या लोकांना अजून ऑफिस क्लार्कच्या गटात टाकलंय, पोलीस आणि फायरवाल्यांच्या नाही. तुम्ही ससे द्या, ते क्लार्कच राहतील.

चटणीवाली_टेक्सास: काका, वर्गीकरण सशामुळे झालं का?

रात्रपाळी: मी चार वर्षं हेच काम करतेय म्हणून बोलते. काका, एका कॉलवर बाईला सीपीआर सांगायचं आणि तो संपला की लगेच पुढच्या कॉलवर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो ही तक्रार ऐकायची, मधे हसलो नाही तर वेड लागेल. पण चटणीताई, पिल्लू आधी बाहेर काढा, प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, त्यात चूं चूं आलं तर साहेबाला उत्तर कोण देणार? मार्शमॅलोची पिल्लं पण नकोत, चिकट बोटं आणि कीबोर्ड. आणि मेन म्हणजे टेबल तिचं नसतंच! शिफ्ट संपली की त्याच खुर्चीत दुसरा. लॉकरमध्ये मावेल तेवढंच द्या.

खडूस_काका: बघा, टेबलच नाही. चांगली कुशन द्या पाठीला. आणि द्यायचंच तर 12 ते 18 एप्रिल त्यांचा खास आठवडा आहे, 1981 मध्ये कॅलिफोर्नियात कॉन्ट्रा कोस्टा काउंटीच्या पॅट्रिशिया अँडरसन बाईंनी सुरू केलेला, तेव्हा द्या.

रात्रपाळी: त्या आठवड्यात पिझ्झा येतो काका, दरवर्षी, थंड. ईस्टरला कुणीच काही देत नाही.

पुणेरी_न्यूजर्सी: मला एक खटकलं. 'खिशातून लागला' ठीक, पण कॉल लागूनही कुणी बोलत नाही यावर विनोद नको, बोलता येत नसेल म्हणूनही गप्प असतात लोक.

रात्रपाळी: अगदी बरोबर, त्यावर आम्ही पण हसत नाही. आणि चुकून लागला तर कट करू नका हो, थांबून सांगा, नाहीतर आम्हाला उलट फोन करत बसावं लागतं.

चटणीवाली_टेक्सास: बरं, पिल्लू कॅन्सल, ससा छोटा करते, सोबत कुशन (काका खूश?). कार्डावर 'आजची रात्र शांत जावो' लिहू का?

रात्रपाळी: ताई!!! 'शांत' हा शब्द आमच्यात कुणी उच्चारत पण नाही, उच्चारला की सगळ्या लाईन एकदम पेटतात. डिलीट करा, माझी आज ड्युटी आहे.