मांडवातून पळालेले नवरदेव

अमेरिकेच्या नव्या अध्यक्षाने विरोधकांना सरळ पदे वाटून गप्प करावे, अशी सूचना कुणीतरी केलीय. झकास! पण ओबामांनी ती वापरून झालीय की! पक्षातल्याच प्रतिस्पर्धी हिलरीबाईंना परराष्ट्र खाते दिले, आधीचे अध्यक्ष बुश यांचे संरक्षणमंत्री गेट्स तसेच ठेवले. इथवर ठीक. फेब्रुवारी २००९मध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर जड ग्रेग यांना वाणिज्य खाते देऊ केले, तर नवरदेव नऊ दिवसांत मांडवातून पळाला! मग युटा राज्याचे गव्हर्नर हंट्समन या दुसऱ्या रिपब्लिकनाला राजदूत करून थेट बीजिंगला धाडले. (आपल्याकडे नकोशा स्वकीयांसाठी राजभवने असतात, तसेच काहीसे.) गडी २०११ साली परत आला तो ओबामांच्याच खुर्चीसाठी बाशिंग बांधून. त्याच्या पक्षानेच त्याला उमेदवारी दिली नाही, ही गोष्ट वेगळी.