वरचं दूध सुरू करण्याआधी बाळाची स्तनावरची पकड बघून घ्या

बाळ सारखं रडतं म्हणून सासूबाई वरचं दूध द्या म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. इंदूरला रामबागेत आमच्याकडेही अगदी हेच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं झालं (वजन फक्त माझं वाढलं!), पण बोंडांना चिरा पडलेल्या, पाजताना डोळ्यांत पाणी यायचं.

अकराव्या दिवशी लॅक्टेशन कन्सल्टंटला (स्तनपानाच्या सल्लागार बाईंना) घरी बोलावलं. तिने आधी एक अख्खं पाजणं नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "पकड चुकतेय, बाळ फक्त बोंड चोखतंय." बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, डोकं न दाबता पाठीला आणि मानेला आधार दिला, आणि जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावलं. हनुवटी आधी टेकली, बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा आत गेला. दुखणं तिथेच निम्म्यावर आलं.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 वेळा शू हवी, दोनेक आठवड्यांत जन्माचं वजन भरून यायला हवं. तसं नसेल तर थेट बालरोगतज्ज्ञ गाठा.

आणि हो, कन्सल्टंटला बोलावलंत तर ती येईल तेव्हा सासूबाईंना शेजारीच बसवा. आमच्या आई त्यानंतर स्वतःच उशा लावून द्यायला लागल्या.