व्हिक्टोरियन लंडनच्या पॅरिशमधली घर-तपासणी नेमकी कशी चालायची?

शहापूरकर:
बेळगावातल्या आमच्या वाचनालयात लंडनच्या जुन्या सार्वजनिक आरोग्यावर कार्यक्रम ठरलाय. डॉक्टर जॉन स्नोनं कॉलऱ्याच्या साथीचा माग ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपापर्यंत काढला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला त्यापुढचं हवंय. पॅरिशचा, म्हणजे तिथल्या वॉर्डासारख्या स्थानिक भागाचा, इन्स्पेक्टर घरात शिरल्यावर काय मोजायचा, फरशी न उकरता फुटकं गटार कसं ओळखायचा, आणि मालक ऐकला नाही तर काय? जरा खुलासेवार सांगा की.

खानापूर रोड:
१८५५ च्या मेट्रोपोलिस मॅनेजमेंट ॲक्टनं लंडनमधल्या व्हेस्ट्रींना, म्हणजे पॅरिशच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळांना, आरोग्य अधिकारी आणि न्यूसन्स (घाण-उपद्रव) इन्स्पेक्टर नेमणं भाग पाडलं. आरोग्य अधिकारी असलेला डॉक्टर मृत्यूच्या नोंदींवरून गल्ली हेरायचा, दारोदार इन्स्पेक्टर फिरायचा.

गर्दी ठरायची घनफुटांवर. नुसत्या झोपायच्या खोलीत मोठ्या माणसाला ३००, दिवसरात्र वावर असलेल्या खोलीत ४००, लहान मुलाला निम्मं. आकडे पॅरिशगणिक थोडे बदलायचे. १० बाय १२ ची, ८ फूट उंच खोली धरा: ९६० घनफूट. त्यातच स्वयंपाक आणि झोप असेल तर नवरा-बायकोला ८०० लागतात, उरतात १६०, आणि एका मुलाला हवेत २००. म्हणजे तिघांतच नियम मोडला. हे गणित लोकांकडून त्यांच्याच घरातल्या खोलीचं करून घ्या.

खरी अडचण वेळेची. १८५५ च्या न्यूसन्स कायद्यानं घरात शिरायची मुभा सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच होती. गर्दी दिसते रात्री.

पाइपलाइन_निपाणी:
गटाराच्या तीन परीक्षा होत्या.

पेपरमिंट: दारं-खिडक्या बंद करायच्या. एकानं छपरावर जाऊन मैल्याच्या पाइपाच्या वरच्या तोंडातून औंस-दोन औंस पेपरमिंटचं तेल आणि मागोमाग बादलीभर गरम पाणी ओतायचं. दुसऱ्यानं आत खोलीखोलीत वास घ्यायचा. ओतणाऱ्यानं काम संपेपर्यंत घरात पाय ठेवायचा नाही, बाटलीही बाहेरच उघडायची. हाताकपड्यांना लागलेला वास आत आला की परीक्षा वाया.

धूर: भात्यानं पाइपात धूर कोंडायचा आणि सांध्यांतून, फरशीच्या फटींतून कुठं निघतो ते बघायचं.

पाणी: गटाराचं खालचं तोंड बुच मारून बंद करायचं, वरपर्यंत भरायचं, पातळी उतरते का पाहायचं. ही सगळ्यात कडक. मातीनं जोडलेले जुने पाइप हिच्यात टिकत नसत.

पाण्याची टाकी मात्र चुकवू नका. नळाला पाणी ठरावीक वेळीच यायचं, म्हणून घरोघर साठवण. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप सरळ गटाराला जोडलेला असला की घाण हवा उलट पिण्याच्या पाण्यावर यायची. उपाय साधा: तो पाइप तोडून तोंड बाहेर उघड्यावर सोडायचं. पिंपं भरून ठेवणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना हा मुद्दा लगेच पटेल.

शहापूरकर:
फार कामाचं. आणि मालकाचं काय?

खानापूर रोड:
आधी नोटीस: दोष कोणता, काय करायचं, किती दिवसांत. मुदत टळली तर मॅजिस्ट्रेटपुढं समन्स, मग हुकूम. गाडी अडायची ती हुकमाच्या आधी. जमीन एकाची, भाडेपट्टा दुसऱ्याचा, खोल्या भाड्यानं देणारा तिसराच. प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवायचा. शिवाय खटला भरायचा की नाही हे ठरवायची व्हेस्ट्री, आणि क्लार्कनवेलसारख्या पॅरिशमध्ये खोल्या भाड्यानं देणारेच तिथं सभासद होते. कामगारांच्या घरांची चौकशी करणाऱ्या १८८४-८५ च्या रॉयल कमिशनपुढं, म्हणजे सरकारी आयोगापुढं, हे उघड झालं. इन्स्पेक्टरचं पोट ज्यांच्या हातात, त्यांच्याच घरांवर त्यानं नोटीस काढायची! माझ्या मते कार्यक्रमाचा गाभा हाच असावा.

पाइपलाइन_निपाणी:
ब्रॉड स्ट्रीटचा पंपही गाळू नका. त्याचा दांडा काढला ८ सप्टेंबर १८५४ ला, पण खरा दोष सापडला १८५५ च्या वसंतात खोदल्यावर. त्याच रस्त्यावरच्या ४० नंबरच्या घराच्या मैलाखड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या आणि पंपाची विहीर तिथून ३ फुटांच्या आत होती. आपल्याकडं आडाजवळ शौचखड्डा असेल तर अंतराबरोबर खड्ड्याचं अस्तरही तपासायला सांगा.