मदत हवी आहे: सकाळच्या दंवात रॉकेटचं नाक घट्ट बसतं

येत्या रविवारी गोव्यातल्या केप्यात आमच्या क्लबचं मॉडेल रॉकेट उड्डाण आहे. सरदाची (पावसाळी भाताची) कापणी झालेलं शेत, मालकाची परवानगी मिळाली आहे. पेंढा सुकलेला असल्याने लाँच पॅडखाली पत्रा आणि ओली गोणपाटं घालतो.

अडचण पॅराशूटची आहे. पुठ्ठ्याची नळी, बाल्साचं (हलक्या लाकडाचं) नाक, सी६-५ मोटर, म्हणजे जळून संपल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकणारी. गेल्या रविवारी सकाळी ७ वाजता ३ उड्डाणं केली. दोनदा नाक सुटलंच नाही, रॉकेट सरळ जमिनीत रुतलं. बघायला लहान मुलं येतात, त्यामुळे हे मला अजिबात चालणार नाही. घरी कोरड्या खोलीत तेच नाक बोटाने सहज निघतं, म्हणून संशय दंवावर.

पॅराशूटला टाल्कम पावडर लावून झाली, पॅराशूट मोटरच्या गरम वायूने जळू नये म्हणून घालायचा न पेटणारा वॅडिंग कागदही बेताचाच भरला. उशिरा उडवायचं तर ११ नंतर समुद्राकडचा वारा वाढतो आणि रॉकेट माडांत अडकतं. मोटर बदलता येणार नाही, दुसरी हाताशी नाही.

नाकाचा खांदा (नळीत बसणारा भाग) पॉलिशपेपरने घासून सैल करू, की नळी आणि बाल्सा दोन्हींना आतबाहेर वॉर्निश देऊ? घासलं तर उन्हात सुकल्यावर नाक वर जातानाच निसटेल का?