गॅलिलिओ मूळ इटालियनमधून वाचायचाय, कितपत जमेल?

निवृत्तमास्तर
अकरावी-बारावीला ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं. आता ऑनलाइन इटालियन शिकतोय, ए-टू (प्राथमिकची दुसरी पायरी) झालंय. परवा हौसेने गॅलिलिओचं १६३२चं 'दियालोगो' (चार दिवसांच्या संवादाच्या रूपातलं पुस्तक) उघडलं, तर पहिलंच वाक्य संपता संपेना. आमच्या बाई म्हणतात, आधी दोन वर्षं आजचं इटालियन वाचा. माझं वय ६४. थेट उडी मारू का? आणि लॅटिनही लागेल का?

आडवाटेचा
स्टिलमन ड्रेक यांचा इंग्रजी अनुवाद आहे की. कशाला डोकेफोड?

पादोव्हाकर
डोकेफोडीतच मजा आहे हो. मास्तर, मारा उडी, पण पहिल्या पानावर नको. 'दुसऱ्या दिवसा'तला जहाजाचा उतारा काढा: मित्राला घेऊन जहाजाच्या पोटातल्या मोठ्या खोलीत स्वतःला कोंडून घ्या, सोबत माश्या, फुलपाखरं, भांड्यात छोटे मासे. प्रयोग तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे अर्थ आधी कळतो आणि व्याकरण मागून येतं. मी इथे पीएचडीला आले तेव्हा असंच वाचलं. एक खड्डा सांगून ठेवते: गॅलिलिओकडे 'ओक्याले' आलं की चष्मा समजू नका, बहुतेकदा ती दुर्बीण असते.

लॅटिनचं म्हणाल तर, १६१०चं दुर्बिणीवरचं पुस्तक पूर्ण लॅटिनमध्ये, कारण ते युरोपभरच्या पंडितांसाठी होतं. १६१३ची सूर्यावरच्या डागांची पत्रं मात्र इटालियनमध्ये. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेल्यांनाही वाचता यावं, हा त्याचा हट्ट. गंमत म्हणजे ज्यांच्याशी वाद चालला होता त्या जर्मन खगोल-अभ्यासक शायनरना ती पत्रं भाषांतर करून घ्यावी लागली! १६३८च्या 'दिस्कोर्सी' या तशाच दिवसांत वाटलेल्या पुस्तकात तर सरळ खिचडी आहे: तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रमेयं लॅटिनमध्ये, त्यावरच्या गप्पा इटालियनमध्ये. आणि नेमकं तिथेच तुमचं समत्वरित (वेग एकसारखा वाढत जाणाऱ्या) गतीचं प्रकरण. आकृत्या बघून निभेल.

निवृत्तमास्तर
ताई, काल रात्री उतारा काढला. 'फार्फाल्ले' म्हणजे फुलपाखरं! मला तो फक्त पास्ता माहीत होता. 'अ गोच्चा अ गोच्चा' म्हणजे थेंब थेंब, हे तर हिने स्वयंपाकघरातून ऐकूनच ओळखलं. पण उताऱ्यात पुढे गळत्या बादलीचं वाक्य आहे, त्यात 'वादिया' आहे, तो शब्दकोशात नाही. छपाईची चूक?

पादोव्हाकर
चूक नाही. 'आंदारे' म्हणजे जाणं, त्याचं हे जुनं रूप; आज 'वादा' म्हणतात. 'आंको' दिसलं की 'आंके' (म्हणजे 'सुद्धा') वाचा. आणखी अडलं तर टाका इथेच.