मदत हवी आहे : उंच आणि लांब धडाच्या पायलटला कोणतं हलकं स्पोर्ट विमान बसेल?

नमस्कार मंडळी,

माझी उंची १९३ सेंटिमीटर, वजन ९६ किलो. एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचा) स्पोर्ट पायलट परवाना आहे. आजवर प्रशिक्षण संस्थेच्या विमानात उडत आलो, आता स्वतःचं वापरलेलं, दोन आसनांचं एलएसए, म्हणजे हलकं स्पोर्ट विमान, घ्यायचं ठरवलंय. अडचण एकच, पण ती प्रत्येक विमानात आडवी येते. मी आत मावतो, पण मावल्यावर विमान नीट उडवता येत नाही.

विकणाऱ्यांना उंचीचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "अहो, सहा फूट चार इंचांचा माणूस आमच्या विमानात आरामात बसतो." बसत असेल. पण त्याची उंची पायांत आहे की धडात? माझा चुलतभाऊ बरोब्बर माझ्याएवढा आहे. दोघंही भिंतीला पाठ टेकून कडक स्टुलावर बसलो आणि बैठकीपासून डोक्यापर्यंत मोजलं. त्याचे ९७ सेंटिमीटर भरले, माझे १०३. त्याचे गुडघे पॅनेलला लागतात, माझं डोकं छताला. तेव्हापासून मी सगळ्यांना बैठी उंचीच विचारतो, आणि हा आकडा कुणीच देत नाही.

आतापर्यंत तीन विमानांत बसून पाहिलं. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, कारण सीट आणि गाद्या मालकागणिक वेगळ्या असू शकतात.

पहिलं लो-विंग (पंख केबिनच्या खाली), वर काचेची कॅनपी. कॅनपी बंद केली, डोक्यावर दोन बोटं जागा राहिली, मी खूश. मग हेडसेट घातला आणि त्याची पट्टी काचेला टेकली. जरा खाली घसरून बसलो, तर कंबर पुढे आली, गुडघे वर आले आणि स्टिक (विमान कलवायचा दांडा) पूर्ण डावीकडे जाईना, मांडीला अडायला लागली. जमिनीवर उभ्या विमानात हे नुसतं गैरसोयीचं वाटतं. पण आडव्या वाऱ्यात उतरताना ऐनवेळी पूर्ण एलरॉन (विमान कलवणारी पंखावरची पट्टी) हवा असला आणि मांडी आडवी आली तर? त्या विमानाचा विचार मी तिथेच सोडला.

दुसरं हाय-विंग (पंख केबिनच्या वर). डोक्याला जागा होती, पण माझे डोळे पंखाच्या मुळाच्या रेषेत येत होते. डावीकडे पाहिलं की समोर पंखाची कडा. वळण्याआधी बाजूचं आकाश बघायला प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागत होती. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर दर वेळी असं वाकून बघणं मला सुरक्षित वाटत नाही. हाय-विंग उडवणाऱ्या उंच लोकांना याची सवय होते का, की हे कायमचंच?

तिसऱ्यात डोकं आणि गुडघे दोन्ही बसले, पण माझे बूट मोठे. रडरचं पेडल पूर्ण दाबलं की बुटाचं टोक पेडलच्या वरच्या भागातल्या ब्रेकला लागायचं. पातळ तळव्याचे बूट घालून फरक पडला, पण पुरेसा नाही.

रुंदीची चिंता मला फारशी नाही. फ्लाइट डिझाइनच्या सीटी मालिकेची केबिन साधारण १२४ सेंटिमीटर रुंद आहे, ब्रिस्टेलची १३०. सेस्ना १७२ जेमतेम १०० सेंटिमीटरची, त्या मानाने हे राजवाडेच. झेनिथ सीएच ७५० ला बाहेर फुगवलेले दरवाजे मिळतात, त्यामुळे खांद्याला जास्त जागा होते. खरा प्रश्न उभ्या मापाचा आहे, आणि माहितीपत्रकात नेमकं तेच नसतं.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. स्कायकॅचर, स्पोर्टक्रूझर, ब्रिस्टेल यांत सीट जागची हलत नाही, पेडल मागेपुढे होतात. पायलट उंच असो की बुटका, त्याचं वजन त्याच जागी राहतं, त्यामुळे सीजीचा (विमानाच्या गुरुत्वमध्याचा) हिशोब सोपा जातो. लांब पायांच्या माणसाला ही सोय उत्तम. माझं डोकं मात्र आहे तिथेच राहतं, मला सुटका नाही. म्हणून मी सध्या सरकणाऱ्या सीटच्या विमानांकडे वळलोय. पण सीट मागे नेली की माझे ९६ किलोही मागे जातात, तेव्हा सीजी मागच्या मर्यादेच्या किती जवळ जातो ते प्रत्येक विमानाचं वेगळं तपासावं लागेल.

गादी पातळ करा, असा सल्ला तिघांनी दिला. त्याने तीन-चार सेंटिमीटर सहज मिळतील. पण काही विमानांतला फोम धक्का शोषण्यासाठीच घातलेला असतो. तो काढून दुसरं काहीतरी घातलं तर आदळल्यावर मणक्याचं काय होईल, याची मला भीती वाटते.

खांद्याच्या पट्ट्याची भीती तर त्याहून मोठी. पट्टा खांद्यावरून मागे आडवा किंवा थोडा वर जायला हवा. एफएएच्या मार्गदर्शनात वर ३० अंशांपर्यंत आणि खाली फार तर ५ अंश, असं माप आहे. माझं धड लांब, त्यामुळे दोन विमानांत अडकवण्याची जागा खांद्याच्या बरीच खाली राहिली. म्हणजे धडक बसली तर पट्टा मला सीटमध्ये खाली दाबणार आणि तो सगळा भार मणक्यावर येणार. याबद्दल आजवर कुणालाच बोलताना ऐकलं नाही, म्हणून इथे मुद्दाम विचारतोय.

वजनाचा हिशोब करून ठेवलाय. कमाल वजन ६०० किलो, रिकामं वजन ३४० धरलं तर २६० उरतात. मी आणि बायको (६२) मिळून १५८. उरले १०२. शंभर लिटर इंधनाचे ७२ गेले की सामानाला ३०. आम्हाला पुरे. माझ्याच अंगापिंडाचा मित्र शेजारी बसला तर मात्र टाकी पूर्ण भरता येणार नाही.

माझे प्रश्न:

बैठी उंची १०० सेंटिमीटरच्या वर असलेलं कुणी सीटीएलएस (वरच्या सीटी मालिकेतलंच), टेक्नाम पी२००८ किंवा जाबिरू जे२३० नियमित उडवतं का? हेडसेट घालून, पट्टे आवळून, वाऱ्याचे धक्के बसताना डोकं आपटतं का?

खांद्याच्या पट्ट्याची जागा वर नेणारा अधिकृत बदल कुणी करून घेतला आहे का? कारखान्यात बनलेल्या एलएसएमध्ये उत्पादकाच्या लेखी परवानगीशिवाय असं काही करता येत नाही, एवढं मला माहीत आहे.

पुढेमागे आसनं असलेल्या विमानांबद्दलही सांगा. पायपर कब एकट्याने उडवताना मागे बसावं लागतं, एरॉन्का चॅम्पमध्ये पुढे. लांब धडाला चॅम्प जास्त बरं पडेल का?

भर (प्रतिसाद वाचल्यावर): सगळ्यांचे मनापासून आभार. एका ताईंनी लिहिलंय की २२ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेत स्पोर्ट पायलटला, फ्लॅप न उघडता स्टॉल वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग) ५९ नॉटपर्यंत असलेली विमानं उडवता येतात, तर मी एलएसएतच का अडकून बसलोय? ताई, मुद्दा बरोबर आहे. सेस्ना १७२ ची सीट रुळांवर बरीच मागे जाते आणि डोक्यावरही जागा आहे. पण मला कमी इंधनात चालणारं, रोटॅक्स इंजिनाचं, स्वतः निगा राखता येईल असं हलकं विमान हवंय. ते खरंच जमलं नाही तरच १७२.

काका, तुम्ही सीटीएलएस दाखवायची तयारी दाखवलीत, त्यासाठी विशेष आभार. येताना मोजपट्टी आणि माझा हेडसेट दोन्ही आणतो. तोवर जमलं तर एक माप घ्याल का? सीटची गादी दाबून, तिथपासून छतापर्यंत, सीट सगळ्यात मागे असताना. आणि पट्टा अडकवलाय ती जागा गादीपासून किती उंच आहे, तेही.