नावर्थ किल्ला: काका विरुद्ध तीन पुतण्या

लेनर्ड डेकरने उत्तर इंग्लंडातला नावर्थ किल्ला निव्वळ हावेपोटी बळकावला, असं म्हटलं जातं. हाव होतीच, पण दावा अगदीच पोकळ नव्हता. 1569 मध्ये त्याचा पुतण्या, लहानगा लॉर्ड जॉर्ज, उड्या मारायच्या लाकडी घोड्यावरून पडून वारला. मिळकत फक्त पुरुष वारसाला, असं धरलं तर सगळं लेनर्डकाकाला. नाहीतर जॉर्जच्या तिन्ही बहिणींना समान हिस्से. तिकडे मुलगे असले तर थोरल्याला सगळं, पण नुसत्या मुली असल्या की थोरली-धाकटी सारख्याच. त्यात मुलींचा सावत्र बाप नॉरफकचा ड्यूक, तोच पालक, आणि सुना करून घेतल्या त्यानेच!

फेब्रुवारी 1570 मध्ये गेल्ट नदीकाठी बंडात उतरलेल्या लेनर्डचं पायदळ राणी एलिझाबेथचा सेनापती हन्सडन याच्या बंदूकधाऱ्यांवर थेट धावून गेलं, हन्सडनच्या घोडदळाने त्याला उधळलं. लेनर्ड स्कॉटलंडात पळाला. तिन्ही बहिणींच्या बाजूला मिळकत सुटली ती 1601 मध्ये, तीही राणीला पैसे मोजून.